चिठ्ठी डॉक्टरांची, खर्च घराचा

महिन्याच्या पहिल्या आठवड्यात किराण्याची यादी निघते, तशी आता बहुतेक घरांत औषधांचीही यादी निघते. किराणा भरताना गृहिणी दोन दुकानांतले भाव पडताळून पाहते. औषधाच्या दुकानात मात्र आपण चिठ्ठी पुढे करतो आणि सांगितलेली रक्कम मुकाट्याने देतो. मग घरातील एखादे वृद्ध माणूस, मुलावर भार नको म्हणून, रक्तदाबाची गोळी एक दिवसाआड घेऊ लागते. हा संकोच पुढे पक्षाघाताचे कारण ठरू शकतो.

वस्तुतः औषधाचा खर्च दुकानात नव्हे, दवाखान्यातच ठरतो. अ‍ॅम्लोडिपिन हे एकच औषध अनेक कंपन्या निरनिराळ्या नावांनी व किमतींना विकतात. चिठ्ठीवर एका कंपनीचे नाव असेल, तर ‘एच’ अनुसूचीतील औषधाऐवजी दुसऱ्या कंपनीचे औषध परस्पर देण्यास दुकानदाराला नियमाने मनाई आहे. डॉक्टरांनी औषधाचे मूळ, म्हणजे जेनेरिक नाव सुवाच्य अक्षरांत लिहावे, अशी सुधारणा भारतीय वैद्यक परिषदेने २०१६ साली आपल्या आचारसंहितेत केली. ऑगस्ट २०२३ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने हे बंधन अधिक कडक केले. परंतु त्याच महिन्यात ते स्थगित झाले. जेनेरिक औषधाच्या दर्जाची हमी कोण देणार, हा डॉक्टरांचा प्रश्न अगदीच अनाठायी नव्हता.

दुसरी बाब चिठ्ठीच्या लांबीची. साधी सर्दी विषाणूंमुळे होते. तिच्यावर प्रतिजैविकाचा उपयोग नसतो. तरीही अनेकदा चिठ्ठीत प्रतिजैविक येते, त्याच्यासोबत आम्लपित्ताची गोळी येते आणि शेवटी जीवनसत्त्वे येतात. अत्यावश्यक औषधांच्या २०२२ च्या राष्ट्रीय सूचीत ३८४ औषधे असून त्यांच्या किमतींवर सरकारी मर्यादा आहे. साधी पॅरासिटामॉल या सूचीत आहे; तीत आणखी दोन द्रव्ये मिसळली की ती गोळी बहुधा सूचीबाहेर जाते. २०१८ साली केंद्र सरकारने अशा ३२८ मिश्रणांवर बंदी घातली, यावरून या प्रश्नाची व्याप्ती ध्यानात येईल.

२००८ साली सुरू झालेल्या जनऔषधी योजनेत औषधाची किंमत आघाडीच्या तीन कंपन्यांच्या सरासरी किमतीच्या निम्म्याहून अधिक नसावी, असे धोरण आहे. मात्र तेथे जाण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना तीन प्रश्न नम्रपणे विचारावेत: यातील प्रत्येक औषध कशासाठी आहे? ते किती दिवस घ्यायचे? याचे स्वस्त जेनेरिक चालेल का? फेफरे, थायरॉईड किंवा रक्त पातळ करण्याच्या औषधांत कंपनी बदलताना विशेष काळजी लागते. म्हणून कोणतेही औषध आपल्या मनाने बदलू वा बंद करू नये.

असे विचारणे म्हणजे डॉक्टरांवर अविश्वास दाखवणे नव्हे. रुग्णाची ऐपत कळली, तर समंजस डॉक्टर त्याप्रमाणे चिठ्ठी लिहितात. न सांगता ती त्यांना कशी कळावी? सहा महिन्यांतून एकदा घरातील सगळ्या औषधांची पाकिटे पिशवीत घालून त्यांच्यापुढे ठेवावीत. एखादी गोळी दोन नावांनी दोनदा घेतली जात असेल, तर तेही तेव्हाच उघड होईल.