शंकाविष : भय खरे, दंशही खरा असू शकतो

पावसाळ्यात बाभुळगावच्या कापूस-तुरीच्या शिवारात सर्पभय घरोघरी असते. अंधारात पायाला काही टोचताच घाम, ओकारी, भोवळ सुरू होते. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील २३व्या अध्यायात यालाच ‘शंकाविष’ म्हटले आहे. विषाच्या नुसत्या शंकेने ज्वर, छर्दी, दाह, मूर्च्छा उद्भवतात. भित्र्या माणसास सर्पाचा केवळ स्पर्श झाला तरी वात कुपित होऊन शोथ येऊ शकतो, असे सुश्रुतही सांगतात. म्हणून अशा रुग्णास आपण हसू नये. धीर देणे ही शास्त्रोक्त चिकित्साच आहे.

तथापि, हे निदान शेवटी करावयाचे आहे. मण्यार बहुधा रात्री, झोपेत चावते. वेदना नसते, व्रणही क्वचितच दिसतो. काही तासांनी पोट दुखते, पापण्या मिटू लागतात, पुढे श्वास अडखळतो. तेव्हा प्रतिसर्पविष व कृत्रिम श्वसनाची सोय असलेले रुग्णालयच प्राण वाचवू शकते.

यास्तव आम्ही व्यावसायिक बंधू-भगिनींना व औषधालयचालकांना विनवितो, की शंकित रुग्णास पुडी देऊन घरी धाडू नये. त्याला धीर द्यावा, दंशाचा अवयव स्थिर ठेवावा आणि तत्काळ रुग्णालयात पाठवावे. चोवीस तासांच्या देखरेखीनंतर विष नसल्याचे ठरले, तर उरलेल्या भयाची चिकित्सा आपलीच आहे.