दोन्ही उमेदवार दलित, मत कुणाचे?

राष्ट्रपतिपदाची निवडणूक शिकवताना यावलचे विद्यार्थी मला एक प्रश्न हटकून विचारतात : "सर, २०१७ साली रामनाथ कोविंद आणि मीरा कुमार, दोन्ही उमेदवार दलित. मग आपल्या वस्तीत मत मागायला कुणीच कसे आले नाही?"

उत्तर साधे आहे. आपल्याला मतच नव्हते. संसदेचे व विधानसभांचे निवडून आलेले सदस्य तेवढे या निवडणुकीत मत देतात. महाराष्ट्रातल्या आमदाराच्या मताचे मूल्य १७५. राज्याची १९७१ ची लोकसंख्या २८८ आमदारांनी भागायची, पुन्हा हजाराने भागायची, की हा आकडा मिळतो. म्हणजे माझे आईबाप या हिशोबात आहेत; त्यानंतर जन्मलेला मी नाही!

मतदार असे मूठभर, म्हणून प्रचारही वेगळा. त्यात गावोगावच्या सभा नाहीत, भोंगे नाहीत. उमेदवार राज्यांच्या राजधान्यांत जातो, आमदार-खासदारांना भेटतो. कोविंदांनी दौरा लखनौहून सुरू केला. मतांची बेरीज त्यांच्या पाठीशी आधीच होती. म्हणून राष्ट्रपती पक्षातीत असतो, हे त्यांना शांतपणे सांगता आले. मीरा कुमारांकडे बेरीज नव्हती. पण इथे मतदान गुप्त असते, पक्षादेश चालत नाही. म्हणून त्यांनी सदसद्विवेकाला हाक दिली. हा लढा विचारसरणीचा आहे, जात गाडून टाका, असे त्या म्हणाल्या. त्यांच्या प्रचाराचा प्रारंभ मात्र साबरमती आश्रमातून झाला. चवदार तळ्यावरून नव्हे, हे आपण ध्यानात ठेवावे. निकालात कोविंदांना ७,०२,०४४ आणि मीरा कुमारांना ३,६७,३१४ मूल्याची मते पडली.

मग जातीचा एवढा गाजावाजा कुणासाठी? माझ्या मते तो आपल्यासाठीच होता. राष्ट्रपती निवडताना आपल्याला मत नाही, पण लोकसभेला आहे. उमेदवाराची जात हा त्या पुढच्या निवडणुकीचा प्रचार होता.

आणि त्या पदाच्या हाती असते काय? भारताचा राष्ट्रपती इंग्लंडच्या राजासारखा, राज्याचा प्रमुख पण कारभाराचा नव्हे, हे बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत स्पष्ट केले होते. तो मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने वागतो. २० मार्च २०१८ च्या निकालाने अत्याचार प्रतिबंधक कायद्याची धार गेली, तेव्हा राष्ट्रपती दलितच होते. २ एप्रिलला माणसे रस्त्यावर उतरली, काहींनी प्राण गमावले. त्यानंतर ऑगस्टमध्ये संसदेने कायदा दुरुस्त केला. राष्ट्रपतींची सही त्यावर शेवटी झाली.

आपला माणूस त्या खुर्चीवर बसला याचा आनंद मी नाकारत नाही. माझ्या आईलाही तो झाला होता. परंतु उमेदवार कोणत्या जातीचा, याआधी त्याला कुणी उभे केले आणि तो कुणाला उत्तर देणार, हे विचारायला आपण शिकले पाहिजे. विद्यार्थ्यांना मी एवढेच सांगतो.