जिभेचा कर्करोग आणि मानेवरील उपचार : पालघर व बोईसर-तारापूर परिसराच्या संदर्भात

प्रस्तावना
१ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर जिल्हा अस्तित्वात आला. बोईसर-तारापूर औद्योगिक वसाहतीतील कामगार, किनाऱ्यावरील मच्छीमार आणि जव्हार-मोखाड्याकडील आदिवासी शेतकरी असा संमिश्र समाज येथे नांदतो. तंबाखू-चुना, मावा व मशेरी यांचे सेवन महाराष्ट्रात अन्यत्र आढळते तसे येथेही आढळते आणि तंबाखू हे तोंडाच्या कर्करोगाचे प्रमुख कारण आहे. जिभेवर लहानशी गाठ असून मान तपासणीत निर्दोष आढळली, तर मानेवरही शस्त्रक्रिया करावी काय, या प्रश्नाचा परामर्श प्रस्तुत लेखात घेतला आहे.

मानेचा संबंध
जिभेत लसिकावाहिन्यांचे जाळे दाट असते. त्यामुळे कर्कपेशी मानेच्या वरच्या भागातील लसिकाग्रंथींत लवकर पोहोचतात. ग्रंथी बोटांना जाणवण्याइतकी वाढण्यापूर्वीच हा प्रसार झालेला असू शकतो; यालाच सुप्त प्रसार म्हणतात. ग्रंथी बाधित असणे हा रुग्णाच्या आयुर्मानावर सर्वाधिक परिणाम करणाऱ्या घटकांपैकी एक आहे.

मतभेद व त्याचे निराकरण
याविषयी अनेक दशके दोन मते होती. जिभेसोबतच मानेतील ग्रंथी काढाव्यात, असे एक मत. मानेत गाठ दिसेपर्यंत वाट पाहावी, म्हणजे अनेकांची अनावश्यक शस्त्रक्रिया टळेल, असे दुसरे मत. या वादाचा निर्णय मुंबईतच झाला. परळ येथील टाटा स्मारक रुग्णालयात डॉ. अनिल डिक्रूझ व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ ते २०१४ या काळात तोंडाच्या प्रारंभिक कर्करोगाच्या रुग्णांची दोन गटांत यादृच्छिक विभागणी करून अभ्यास केला. त्यांतील बहुसंख्य रुग्ण जिभेच्या कर्करोगाचे होते. पहिल्या ५०० रुग्णांचे निष्कर्ष २०१५ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झाले. मानेवर आरंभीच शस्त्रक्रिया झालेल्या गटात तीन वर्षांनी ८०.० टक्के रुग्ण हयात होते, तर प्रतीक्षा केलेल्या गटात ६७.५ टक्के. रोगमुक्त राहिलेल्यांचे प्रमाण अनुक्रमे ६९.५ व ४५.९ टक्के होते. दुसऱ्या शब्दांत, आठ रुग्णांवर अशी शस्त्रक्रिया केल्यास एक मृत्यू टळतो.

मर्यादा
ही शस्त्रक्रिया सर्वस्वी निरुपद्रवी नाही. खांद्याच्या हालचालीशी संबंधित मज्जातंतू दुखावल्यास हात वर उचलणे अवघड होते. अंगमेहनत करणाऱ्या कामगाराच्या दृष्टीने ही बाब क्षुल्लक नव्हे. अतिशय उथळ गाठीत लाभ स्पष्ट दिसत नाही, म्हणून गाठीची खोली किती हे पाहून निर्णय घेतला जातो. प्रथम बाधित होण्याची शक्यता असलेली ‘प्रहरी’ ग्रंथी शोधून केवळ तीच तपासण्याची पद्धत फ्रान्स व जपानमधील अभ्यासांत (२०२० व २०२१) तुल्यबळ ठरली. मात्र तिला किरणोत्सारी द्रव्य, विशेष उपकरणे व अनुभवी चमू लागतो. काढलेल्या ग्रंथींत कर्कपेशी आढळल्यास पुढे किरणोपचाराचा, काही वेळा त्यासोबत रसायनोपचाराचाही, विचार करावा लागतो.

स्थानिक संदर्भ
प्रतीक्षेचे धोरण वारंवार तपासणीवर अवलंबून असते. टाटा रुग्णालयाच्या अभ्यासात आरंभीच्या सहा महिन्यांत रुग्णांना दर चार आठवड्यांनी बोलावले जात असे. तरीही प्रतीक्षा गट मागे पडला. बोईसरहून मुंबई सुमारे १०० किलोमीटर दूर आहे. कंत्राटी कामगाराला तपासणीसाठी एका दिवसाची मजुरी सोडावी लागते. मोखाड्यातील रुग्णाला आधी एस.टी. व मग रेल्वे गाठावी लागते. अशा स्थितीत काही फेऱ्या चुकणे स्वाभाविक आहे आणि चुकलेल्या फेरीच्या काळातच मानेतील गाठ वाढू शकते. म्हणून येथील रुग्णाच्या बाबतीत पहिल्याच वेळी मानेचा उपचार होणे अधिक महत्त्वाचे ठरते.

निष्कर्ष
जिभेच्या प्रारंभिक कर्करोगात निर्दोष भासणारी मान निर्दोष असेलच असे नाही. जिभेवरील व्रण तीन आठवड्यांत भरला नाही किंवा पांढरा वा लाल चट्टा आढळला, तर तपासणी विनाविलंब व्हावी. महाविद्यालयातील प्राध्यापकांचा विद्यार्थ्यांमार्फत अनेक कामगार व आदिवासी कुटुंबांशी संबंध येतो. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांतून तंबाखूविरोधी प्रबोधनासोबतच ‘जीभ दाखवा, मानही दाखवा’ एवढा संदेश पोहोचला, तरी निदान लवकर होण्यास साहाय्य होईल.