समुद्राचे बियाणे

मृग जवळ आला की घरातील वडीलधारी माणसे बियाण्याच्या भाताचे पोते उघडून पाहतात. घरात तांदूळ संपला, उसने मागण्याची पाळी आली, तरी त्या पोत्याला हात लावायचा नाही, हा आपल्याकडचा जुना दंडक आहे. बियाणे खाल्ले तर महिनाभर पोट भरेल. पण पुढे पेरायचे काय, हे शेतकऱ्याच्या लहान मुलालाही कळते.

समुद्रालाही असेच बियाणे असते. आपला संबंध नांगराशी, होडीशी नव्हे. तरीही हा विषय आम्ही या पानावर घेतला आहे. आपल्या बाजारात येणारा बांगडा आणि तारली गोवा, कारवार, मालवणच्या किनाऱ्यावरून येते. तेव्हा त्या व्यवहारात आपणही भागीदार आहोत.

गोव्याच्या किनाऱ्यावर पूर्वी रापण चाले. होडीतून अर्धवर्तुळाकार जाळे टाकायचे आणि किनाऱ्यावर उभे राहून पुष्कळ जणांनी दोन्ही टोकांनी ते ओढायचे. जी मासळी मिळेल तिचे वाटे व्हायचे. मासळी काठाजवळ आली तरच रापण भरे, म्हणून समुद्रात शिल्लक राही. पुढे यांत्रिक ट्रॉलर आले. काठाजवळच त्यांची जाळी तळ खरवडू लागली आणि रापणकारांची जाळी रिकामी येऊ लागली. सत्तरीच्या दशकात रापणकारांनी मोठा लढा दिला. माथानी साल्ढाना हे शिक्षक त्यांच्या अग्रभागी होते. या लढ्यानंतर १९८० साली गोव्यात सागरी मासेमारीचे नियमन करणारा कायदा झाला आणि किनाऱ्यालगतचा ५ किलोमीटरचा पट्टा पारंपरिक मच्छीमारांसाठी राखला गेला.

म्हणजे कायदा आहे. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. तारली मुख्यतः पावसाळ्यातच अंडी घालते, यावरून या बंदीचे मोल कळावे. १० नोव्हेंबर २०१७ रोजी केंद्र सरकारने एलईडी दिव्यांच्या झोतात मासेमारी करण्यास आणि दोन बोटींनी मिळून एक जाळे ओढण्यास, म्हणजे बुल ट्रॉलिंगला, मनाई केली.

तरीही रात्री समुद्रात दिवे लागतातच. बोटीवर जनरेटर बसवून पाण्यावर प्रखर उजेड पाडतात. त्या उजेडाकडे लहानमोठी सगळी मासळी धावून येते आणि मोठे पर्ससीन जाळे तिला एकदम वेढून घेते. त्यात पोर कोणते, पोटात अंडी असलेली मादी कोणती, याची निवड होत नाही. किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंत राज्याचा अधिकार, त्यापुढे केंद्राचा. या हद्दीचा फायदा नियम मोडणारे घेतात. पकडलेली अगदी बारीक मासळी माणसांच्या ताटात येतही नाही. ती दळून तिची भुकटी होते आणि कोंबड्यांच्या व कोळंबीच्या खाद्यात जाते.

यात नुकसान कोणाचे? पहिले, लहान होडीवाल्याचे. दुसरे, आपले. तारली व बांगडा ही गरिबाची मासळी. स्वस्तात उत्तम प्रथिने आणि हृदयाला हितकारक तेल तिच्यातून मिळते. बारीक काटे चावून खाल्ले तर कॅल्शियमही मिळते. वाढत्या मुलांना आणि गरोदर बायकांना याची फार गरज असते. ही मासळी महागली, तर तिच्या जागी ताटात काय येणार?

मग आपण काय करावे? बाजारात मासळी हातात घेऊन पाहावी. केरळ सरकारने २०१५ साली बांगड्याची किमान लांबी १४ सेंटिमीटर, म्हणजे सुमारे साडेपाच इंच, आणि तारलीची १० सेंटिमीटर, म्हणजे चार इंच ठरवली. आपणही हेच माप धरावे आणि त्याहून लहान मासळी स्वस्त मिळाली तरी घेऊ नये. माडाच्या आळ्यात घालण्यासाठी तर असली पोरे मुळीच विकत घेऊ नयेत. शेणखत व हिरवा पाला आहेच. जून-जुलैत आपल्या आजीसारखे करावे: उन्हाळ्यातच साठवलेली सुकी मासळी, कडधान्ये आणि कुळथाचे पिठले.

शेवटी, बोट दुसऱ्याकडे दाखवताना आपल्या बांधाकडेही पाहिले पाहिजे. पहिल्या पावसात ओढ्यातून शेतात चढणारे मासे पोटात अंडी घेऊन येतात. त्यांची वाट अडवून टोपल्या भरण्यात आपल्याला मोठी मौज वाटते. काही जण तर कोंडीत ब्लिचिंग पावडर टाकतात, सुरुंग लावतात. विष घालून किंवा स्फोट करून मासे मारणे १८९७ च्या कायद्यापासून गुन्हा आहे. जे दिवेवाले समुद्रात करतात, तेच आपण ओढ्यात करीत असलो, तर त्यांना नावे ठेवण्याचा अधिकार आपल्याला उरत नाही.

येत्या पावसात चढणीच्या माशांना निदान अंडी घालेपर्यंत वाट मोकळी ठेवू या. बियाण्याच्या पोत्याला हात न लावणाऱ्या घरांना हे अवघड वाटू नये.