मेन जहाजावरील शिपाई विल्यम अँथनी

एकाद्या सामान्य माणसाच्या नांवावर एक वाक्य चिकटतें आणि पुढें तें वाक्यच त्याचें चरित्र होऊन बसतें. अमेरिकेच्या ‘मेन’ या लढाऊ जहाजाच्या नाशांतून वांचलेला विल्यम अँथनी याचें असेंच झालें. त्याच्यासंबंधीं अस्सल काय व मागाहून घडविलेलें काय, याचा विचार आम्ही येथें संक्षेपानें करणार आहोंत.

अँथनी हा ‘मरीन’, म्हणजे आरमारी जहाजावर पहारा, शिस्त व लढाई यांसाठीं ठेवलेला बंदूकधारी शिपाई होता. खलाशाचें काम त्याजकडे नसे. त्याचा जन्म १८५३ सालीं न्यूयॉर्क राज्यांतील ऑल्बनी येथें झाला. १८७५ मध्यें तो लष्करांत शिरला व १८८५ मध्यें मरीन दलांत दाखल झाला. १८९७ मध्यें त्याची नेमणूक मेनवर झाली.

ता. १५ फेब्रुवारी १८९८ रोजीं मेन क्यूबांतील हवाना बंदरांत होतें. क्यूबा तेव्हां स्पेनच्या अंमलाखालीं असून तेथें बंड चालू होतें. रात्रीं पावणेदहाच्या सुमारास जहाजाच्या पुढील भागांत स्फोट होऊन अडीचशेंहून अधिक माणसें दगावलीं. कप्तान चार्ल्स सिग्झबी आपल्या खोलींत पत्र लिहीत होता. दिवे विझले. तो चांचपडत बाहेर येतो तों वाटेंत अँथनी त्याच्यावर आदळला. कप्तानाच्या दारावर त्या वेळीं पाळी अँथनीचीच होती.

येथवर मतभेद नाहीं; प्रश्न आहे तो त्याच्या शब्दांचा. वर्तमानपत्रांतून अँथनीच्या तोंडीं जें वाक्य गाजलें, तें संचलनाच्या मैदानावर शोभावें असें घोटीव आहे. उलट सिग्झबीच्या १८९९ च्या पुस्तकांत इतकेंच आहे कीं, आपल्या आठवणीप्रमाणें अँथनीनें कशीबशी क्षमा मागितली व जहाज उडून बुडत असल्याचें कळविलें. ऐकणारा एकटा सिग्झबीच. तोहि शब्द जसेच्या तसे देत नाहीं. बखरींतील वीरांचीं भाषणें व समकालीन पत्रांतील त्रोटक उल्लेख यांचें वजन आपण जसें वेगवेगळें धरतों, तसेंच येथें धरावें. खबर अस्सल, तिची घडण मागाहूनची.

ती घडण लोकप्रिय कां झाली, हेंहि उघड आहे. १८९८ च्या चौकशी मंडळानें जहाज बाहेरील सुरुंगानें फुटल्याचा निर्णय दिला व एप्रिलांत स्पेनशीं युद्ध जुंपलें. युद्धास वीर हवा होता. पुढें १९७६ मध्यें ॲडमिरल हायमन रिकोव्हर यांच्या तपासांत, कोळशाच्या कोठींतील आगीची धग लगतच्या दारूखान्यास लागून स्फोट झाला असावा, असें मत निघालें. तेंहि सर्वमान्य नाहीं.

या कीर्तीचा अँथनीस स्वतःस फारसा आधार झाला नाहीं. ता. २४ नोव्हेंबर १८९९ रोजीं, वयाच्या ४६ व्या वर्षीं, न्यूयॉर्क येथें त्यानें आत्महत्या केली. पुढें अमेरिकन आरमारानें दोन विनाशिकांस त्याचें नांव दिलें.

संग्राहकांनीं यावरून एवढें घ्यावें कीं, गाजलेलें वाक्य हातीं येतांच तें प्रथम कोणीं, केव्हां व कोणापासून ऐकून लिहिलें, याची नोंद करावी. अँथनीचें वाक्य वजा केल्यानें त्याची थोरवी कमी होत नाहीं. बुडत्या जहाजावर, अंधारांत, तो कप्तानास खबर देण्यासाठीं आंत गेला, ही गोष्ट खुद्द कप्तानाच्या साक्षीनें सिद्ध आहे.