आज एक हप्ता, उद्या चार

सकाळी ८.००
इचलकरंजी, २९ जून. पाऊस रात्रीपासून लागलाय. मॅडम गॅलरीत उभ्या राहून दिवसाचा पहिला फोन लावतात. आठच्या आधी वसुलीचा फोन करायचा नाही आणि संध्याकाळी सातनंतरही नाही, हा रिझर्व्ह बँकेचा २०२२चा दंडक. म्हणजे फोनसाठी अकरा तास. त्यातच बाकीची सगळी कामं. एका सरकारी बँकेच्या शाखेत त्या कर्ज विभाग बघतात. आज मी त्यांच्यासोबत आहे.

पहिला फोन वाजून वाजून बंद होतो. दुसरा "नंतर बोलतो" म्हणतो. तिसरा फोन त्या कर्जदाराला करतच नाहीत, त्याच्या जामीनदाराला करतात. पाच मिनिटांत कर्जदाराचा स्वतःहून फोन येतो.

"मेव्हण्याला कशाला फोन केलासा मॅडम? मी हाय की."

"तुम्ही चार दिवस उचलत नव्हता अण्णा. अकराला शेडवर येते."

सकाळी ९.४०
काउंटर उघडायला वीस मिनिटं आहेत. टेबलावर रात्री निघालेली यादी. हप्ता थकल्यापासून तीस दिवसांपर्यंत खातं एसएमए-०, साठपर्यंत एसएमए-१, नव्वदपर्यंत एसएमए-२. त्यापुढे एनपीए, म्हणजे अनुत्पादक खातं. अण्णांच्या नावाखाली लाल पेनाची रेघ आहे. ३१ मार्चचा हप्ता राहिला. मग एप्रिलचा, मग मेचा. ३१ मार्चच्या हप्त्याचे नव्वद दिवस आज भरतात. रात्री दिवसअखेरीचं काम चाललं की मशीन आपोआप खातं एनपीएत टाकेल. कुणाच्या सहीची गरज नाही.

मॅडम कागदाच्या मागच्या बाजूला हिशोब मांडून दाखवतात. कर्ज १८ लाखांचं, येणं बाकी साधारण १४ लाख. खातं चांगलं असेपर्यंत बँकेनं त्यापोटी पाव टक्का बाजूला ठेवायचा, ३,५०० रुपये. एनपीए झालं की पंधरा टक्के, म्हणजे २ लाख १० हजार. वर, जमा न झालेलं व्याज उत्पन्नातून वजा.

"आणि अण्णांचं?" मी विचारतो.

हप्ता ३८,७०० चा. आज जुन्यातला एक भरला तरी खातं वाचतं. एकदा एनपीए झालं की सगळी थकबाकी भरल्याशिवाय ते परत चांगलं होत नाही. २०२१ पासून यात पळवाट उरलेली नाही. आणि उद्या ३० जूनचा हप्ताही लागतो. म्हणजे आज एक हप्ता, उद्या चार.

सकाळी १०.१५
काउंटरवर गर्दी. एक मावशी १,५०० रुपये घेऊन आल्यात, दहा-वीसच्या नोटा जास्त. शिवणयंत्रासाठी मुद्रा योजनेतलं शिशू कर्ज, मर्यादा ५० हजार, तारण काही नाही. पाच तारखेचा हप्ता आज आला. उशीर झाला म्हणून त्याच ओशाळतात. मॅडम पावती देतात आणि पुढच्या वेळी पाचलाच या म्हणतात. एवढंच.

त्यांच्या मागे हातकणंगल्याकडचे एक ऊसकरी. पीककर्जाचा हिशोब महिन्यांवर नाही, हंगामावर चालतो. त्यांना घाई नाही. "माफी हुणार म्हणत्यात," ते म्हणतात. २०१७ ला झाली, २०१९ ला झाली, त्यांना दोन्ही तारखा पाठ आहेत. नियमित भरणाऱ्याला ५० हजारांपर्यंत प्रोत्साहन म्हणून मिळाले होते, तेही माहीत आहे. मॅडम वाद घालत नाहीत. चहा सांगतात. माफीच्या आशेवर बसलेल्या माणसाशी व्याजदर बोलून उपयोग नसतो, हे मलाही पंधरा मिनिटांत कळलं.

सकाळी ११.१०
शिपाईमामांची मोटारसायकल, मागे मॅडम. मी रिक्षानं. मामांच्या खांद्याला रेक्झिनची पिशवी. तिच्यात प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये नोटिसा, शाईचं पॅड, सेलोटेप, कात्री. पेट्रोलचं बिल महिनाअखेरीला व्हाउचरवर मिळतं, मिळेपर्यंत पैसे मामांचे.

शहापूरच्या बाजूला अण्णांची शेड. पत्र्यावर पाऊस, आत माग. मॅडम दारातच थांबतात. आधी मला वाटलं पावसामुळे. त्या ऐकत होत्या. सहा रॅपिअर माग आहेत, चारच चालू. कर्ज देताना त्यांनी हीच शेड सहाच्या सहा माग चालू असताना बघितली होती.

एका मागावर पत्र्याची पाटी, पिवळ्या रंगात बँकेचं नाव आणि खाली "नजरगहाण". अक्षरांवर रुईचा थर. मामा बोटानं पुसतात आणि मोबाइलवर फोटो काढतात. तारीख-वेळेसकट.

या गावात पहिला यंत्रमाग १९०४ साली आला. अण्णांच्या वडलांचे साधे माग होते. ते तीन वर्षांपूर्वी भंगारात किलोच्या भावानं गेले. त्या पैशात घरचे थोडे घालून सहा लाख उभे केले, अठरा बँकेनं दिले, चोवीस लाखांत हे सहा जुने रॅपिअर आले. अण्णा खर्चीवाले. सूत व्यापाऱ्याचं, कापड व्यापाऱ्याचं, यांची फक्त विणण्याची मजुरी. मजुरी पिकावर, म्हणजे आडव्या धाग्यावर मिळते. साठ पिकाचं कापड, एका मागावर दिवसाला एकशे दहा मीटर.

"पिकाला दोन पैसे उतरलं," अण्णा म्हणतात.

दोन पैसे ऐकायला काहीच वाटत नाहीत. साठ पिकाला ते मीटरमागे १ रुपया २० पैसे होतात. सहा मागांचं ६६० मीटर धरलं तर दिवसाला ७९२ रुपये. महिन्याचे वीस हजार तिथंच गेले, अर्ध्या हप्त्याहून जास्त. बाकीचे दोन माग बिमाअभावी, म्हणजे सूत गुंडाळलेल्या रुळाअभावी बंद. व्यापाऱ्यानं सूतच पाठवलेलं नाही.

मॅडम ताळेबंद मागत नाहीत. "लाईट बिल दाखवा," म्हणतात. तीन महिन्यांची बिलं. मार्चमध्ये युनिट भरपूर, एप्रिलला कमी, मेमध्ये आणखी कमी. विजेचं बिल खोटं बोलत नाही, असं त्यांचं मत. सीएनं सही केलेल्या कागदापेक्षा त्यांचा मीटरवर विश्वास.

"व्यापाऱ्याकडं किती अडकलेत?"

"दोन महिन्यांची मजुरी. मागितली की म्हणतोय, पुढचं बिम देऊ का नको?"

"आज किती आणाल?"

अण्णा मागाकडे बघतात. कामगार तुटलेला धागा जोडत असतो. "संध्याकाळपतूर बघतो."

"बघतो नको. ३८,७००. आज. उद्या माझ्या हातात नाही." आवाज चढलेला नाही. अण्णांच्या मुलानं आणलेला चहा त्या उभ्यानंच पितात.

दुपारी १.४५
डबा. शेपूची भाजी, भाकरी. एका हातानं स्टॉक स्टेटमेंट चाळणं चालू. एका सूत व्यापाऱ्याचं कॅश क्रेडिट खातं आहे. गोदामातल्या मालातून पंचवीस टक्के मार्जिन वजा करून त्याला किती उचलता येतील ते ठरतं. जूनचा कागद मेच्या कागदासारखाच, सुताच्या पोत्यांच्या आकड्यापर्यंत. महिना मात्र पेनानं खोडून बदललाय. मॅडम डब्याचं झाकण लावतात. "याच्या गोदामात उद्या जायचं, मामा. न सांगता."

दुपारी २.५०
जवाहरनगर, दुसऱ्या एका कर्जदाराचं घर. इथं मॅडमची भूमिका दुय्यम. कोल्हापूरहून चीफ मॅनेजर आलेत, कारण सरफेसी कायद्याखाली ताब्याची कारवाई त्या दर्जाखालचा अधिकारी करू शकत नाही. २००२ चा कायदा. साठ दिवसांची मागणी नोटीस देऊन झाली, साठ दिवस उलटले, पैसे आले नाहीत. आज सांकेतिक ताबा. कुणाला घराबाहेर काढायचं नाही, दारावर कागद लावायचा.

साधं काम, पण पावसानं अवघड झालं. मामांनी मागाच्या गावातली खळ आणली होती, ती भिंतीवरून ओघळली. मग सेलोटेप. ओल्या रंगाला तीही धरेना. शेवटी दाराच्या लाकडी चौकटीवर, छज्ज्याखाली, चारी बाजूंनी टेप. पंचनामा छत्रीखाली. दोन पंच, त्यांतला एक समोरचा किराणावाला. सही करताना तो घराकडे पाठ करून उभा राहिला.

घरातल्या बाईंनी सगळ्यांना पाणी दिलं. मग विचारलं, "पेपरात नाव येणार का?"

"येणार. सात दिवसांत. दोन पेपरांत, एक मराठी."

"मराठीतच का पण?"

चीफ मॅनेजरनी नियम सांगितला. जाहिरातीचा खर्चही यांच्याच कर्जखात्यावर पडतो, हे बाईंनी विचारलं नाही आणि कुणी सांगितलंही नाही. माझ्या मते सांगायला हवं होतं.

संध्याकाळी ४.३०
शटर अर्धं खाली. आता कपाट. थकलेल्या कर्जाचा दावा तीन वर्षांत लावावा लागतो. कर्जदारानं त्याआधी "एवढं येणं मान्य आहे" अशी सही दिली की मुदत पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. म्हणून दर फाइलीवर पेन्सिलनं तारीख. जुलैतल्या सात फाइली बाहेर निघतात. लोकअदालतीसाठी वेगळा गठ्ठा. वीस लाखांपुढची प्रकरणं पुण्याच्या कर्जवसुली न्यायाधिकरणात जातात. त्यांच्या फाइली जाड, पण शाखेत फक्त झेरॉक्स असते. मोठ्या कर्जदाराच्या दारात मॅडमना सहसा जावं लागत नाही, तिथं वकील जातो.

संध्याकाळी ५.५०
अण्णांच्या चालू खात्यात १५,००० दिसतात. मॅडम काही बोलत नाहीत. मामा पिशवी वाळत घालतात.

संध्याकाळी ६.५५
आजचा शेवटचा फोन. "अण्णा, पंधरा आलेत. तेवीस हजार सातशे कमी आहेत."

"मेव्हणा वीस देतोय. रस्त्यात हाय."

"मग तीन हजार सातशे?"

पलीकडे मागांचा आवाज. फोन ठेवला जातो. सात वाजले. आता मॅडमनी फोन करायचा नाही, अण्णांनी केला तर उचलायचा. त्या बसची वाट न बघता रिक्षा करतात. साठ रुपये, स्वतःचे.

रात्री ८.२०
घरी कुकर लावताना त्या मोबाइलवर खातं बघू शकत नाहीत, ते फक्त शाखेतल्या मशीनवर दिसतं. अण्णांचा मेसेज येतो: वीस टाकले. एकूण ३५,०००. मी विचारतो, एवढ्यानं भागत नाही का? नाही. हप्त्यातला शेवटचा रुपया येईपर्यंत तो ३१ मार्चचाच थकलेला हप्ता राहतो. ३,७०० साठी १४ लाखांचं खातं एनपीएत जातं. मॅडम स्वतः घालू शकत नाहीत. कर्मचाऱ्याच्या खात्यातून कर्जदाराच्या खात्यात पैसे गेलेले दिसले तर चौकशी त्यांचीच लागते.

रात्री ९.३५
अण्णांचा फोन. "टाकलं बघा सगळं. शेडवरच्या पोराची उचल हुती आज. त्याला म्हटलं, उद्या घे."

सकाळी पुन्हा नवी यादी निघाली. अण्णांचं नाव तिच्यात होतं, एसएमए-२ मध्येच. त्यांचा सर्वांत जुना थकलेला हप्ता आता ३० एप्रिलचा. त्याचे नव्वद दिवस २९ जुलैला भरतात.