टाकीत काही टाकण्याआधी

काचेच्या टाकीतलं पाणी दुधाळ दिसायला लागलं की घरी येणारा प्रत्येक जण त्यात काहीतरी टाकायला सांगतो. आजी तुरटी फिरवायला सांगते, डाळिंबाची बाग असलेले मामा चिमूटभर मोरचूद सुचवतात, शेजारचे काका मूठभर खडेमीठ. सगळ्यांच्या मनात मायाच असते. पण निमखाऱ्या पाण्यातल्या कोळंबीचे हाल बहुतेक वेळा या टाकण्यातूनच होतात. तिला बरं वाटायचं असेल तर टाकीतून आधी काय काढायचं, हे बघावं लागतं.

हौशी लोक अशा पाण्यात जी कोळंबी पाळतात, त्यात हवाई बेटांवरची तांबडी ओपाए उला सर्वांत प्रसिद्ध. लांबी जेमतेम १ ते १.५ सेंटिमीटर. लाव्हाच्या खडकात, किनाऱ्यापासून थोडं आत, जमिनीखालून झिरपणारं समुद्राचं पाणी आणि गोडं पाणी जिथे मिसळतं अशा डबक्यांत ती राहते. सोलापूरचा काळा पाषाणही लाव्हाचाच. समुद्र मात्र शेकडो किलोमीटर दूर. त्यामुळे इथे तिचं पाणी घरीच तयार करावं लागतं, आणि गैरसमजांची सुरुवात तिथूनच होते.

गैरसमज : पाणी गढूळ झालं म्हणजे घाण झालं, सगळं बदलून टाका.

आधी गढूळपणा कोणता ते ओळखा. काचेच्या पेल्यात टाकीतलं पाणी घ्या, मागे पांढरा कागद धरा, मग पेला रात्रभर हलवू नका. सकाळी तळाशी पांढरी किंवा करडी भुकटी बसली असेल, तर ती नीट न धुतलेली वाळू आहे किंवा जड पाण्यातून बाहेर पडलेला चुन्याचा साका. बोअरच्या पाण्यात मरीन सॉल्ट घाईने कालवलं की असं हमखास होतं. मीठ थोड्या पाण्यात दाट कालवू नये. पूर्ण पाणी घेऊन, ते ढवळत, त्यात थोडंथोडं सोडावं.

पेल्यातलं पाणी सकाळीही दुधाळच असेल, तर ते जिवाणू आहेत. उरलेलं खाद्य, मेलेली कोळंबी, कुजणारं पान यांवर ते काही तासांत दुपटीने वाढतात. अमोनियाचं नायट्रेट करणारे उपकारक जिवाणू मात्र संथ असतात. त्यांना दुप्पट व्हायला साधारण एक दिवस लागतो, आणि ते पाण्यात तरंगत नाहीत, वाळूला, दगडाला, स्पंजला चिकटून राहतात. नव्या टाकीत त्यांची वस्ती नीट बसायला चार ते सहा आठवडे जातात, खाऱ्या पाण्यात कधी त्याहून जास्त. म्हणून सगळं पाणी उपसून, वाळू चोळून, फिल्टर नळाखाली धुतला की टाकी पुन्हा पहिल्या दिवसावर येते आणि आठवड्यात तोच दुधाळपणा परततो. खाणं बंद ठेवा, कुजणारं काढा, एअर पंप चालू ठेवा, स्पंज टाकीतल्याच काढलेल्या पाण्यात पिळा. पाणी बदलायचंच असेल तर एका वेळी दहावा हिस्सा पुरे. आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, त्यामुळे हा हिशेब घरालाही परवडतो.

गैरसमज : तुरटीने पाणी निवळतं.

निवळतं, हे खरंच. मातीचे कण एकमेकांना चिकटून खाली बसतात. पाणी शुद्धीकरण केंद्रातही हेच तत्त्व वापरतात. पण तुरटीमुळे पाण्यातली क्षारता खर्च होते, आणि कात टाकून नवं कवच बांधणाऱ्या कोळंबीला तीच टिकून हवी असते. शिवाय खाली बसणारा चिकट साका तिच्या कल्ल्यांवरही बसतो. जिवाणूंचं अन्न तळाशी तसंच राहतं, म्हणजे दोन दिवस काच लखलखीत आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा धुकं.

गैरसमज : मीठ ते मीठ. खडेमीठ घातलं की झालं निमखारं पाणी.

समुद्राच्या एका लिटरमध्ये सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यातलं साधारण ८५ टक्के म्हणजे आपलं खाण्याचं मीठ; उरलेल्यात मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम, सल्फेट. कवचाला हे उरलेलंच लागतं. म्हणून मत्स्यालयाच्या दुकानातलं मरीन सॉल्टच घ्यावं, लिटरला १२ ते १५ ग्रॅम, आणि हायड्रोमीटरवर १.०१०च्या आसपास आकडा यावा.

खरी चूक होते ती नंतर, उन्हाळ्यात. एप्रिल-मेमध्ये आपल्या कोरड्या हवेत टाकी भराभर आटते. पाणी उडून जातं, मीठ मागे राहतं. समजा २० लिटरच्या टाकीत लिटरला १४ ग्रॅमप्रमाणे २८० ग्रॅम मीठ आहे आणि ३ लिटर पाणी आटलं. तुम्ही १४ ग्रॅमचंच खारं पाणी ३ लिटर ओतलंत, तर मीठ झालं ३२२ ग्रॅम, म्हणजे लिटरला १६च्या वर. असं चार वेळा झालं की टाकी खाडीकडून समुद्राकडे निघाली. आटलेल्या पाण्याच्या जागी गोडंच पाणी घालायचं, तेही आरओचं. बोअरचं घातलं तर दर वेळी चुन्याचा थर वाढत जातो. काचेवर पहिल्या दिवशी पट्टी चिकटवून पातळीची खूण करून ठेवा.

गैरसमज : उकळलेल्या पाण्यात शेवाळ धरत नाही.

उकळल्याने जंतू मरतात. शेवाळाचं खत असलेले नायट्रेट आणि फॉस्फेट मात्र तसेच राहतात. उलट पाणी आटल्यामुळे थोडे दाटच होतात. सोलापूरकरांनी हे मनावर घ्यावं, कारण शहराचं बरंचसं पाणी उजनीचं आहे. भीमेवरचं हे धरण १९८० साली पूर्ण झालं, आणि मुळा-मुठेतून पुण्याचं सांडपाणी वाहत त्यातच येतं. जलाशयावर जो हिरवा तवंग दिसतो, तो त्याच खतावर पोसलेला. नळाला येणारं पाणी गाळून, क्लोरीन घालून पिण्यायोग्य केलेलं असतं. पण त्या प्रक्रियेचा हेतू विरघळलेलं नायट्रेट काढणं हा नसतो. टाकीसाठी आरओचं पाणी घेऊन त्यात मरीन सॉल्ट घालणं म्हणजे नखरा नव्हे.

गैरसमज : शेवाळ म्हणजे शत्रू.

ओपाए उला दगडावरचा हिरवा-तपकिरी पातळ थर खरवडूनच जगते. तो थर घासून काढला की तिचं ताट रिकामं होतं. गोड्या पाण्यातल्या मोठ्या झिंग्याची पिल्लंही निमखाऱ्या पाण्यातच वाढतात, आणि हवाईत ताकुजी फुजिमुरा यांनी १९६०च्या दशकात ती मोठ्या प्रमाणावर वाढवली ती मुद्दाम हिरव्या केलेल्या पाण्यात.

नव्या टाकीतला तपकिरी थर डायॅटमचा. तो बहुधा आपोआप ओसरतो. हिरवे लांब धागे बोटाने किंवा ब्रशाला गुंडाळून काढावेत आणि दिवा सहा तासांवर आणावा. निळसर-हिरवी, बुळबुळीत, वास येणारी, सालीसारखी निघणारी चादर मात्र शेवाळ नसून सायनोबॅक्टेरिया असते. ती पाइपने ओढून काढावी आणि खाद्य कमी करावं.

गैरसमज : चिमूटभर मोरचुदाने काय होतंय?

या सल्ल्याची मला सर्वांत जास्त धास्ती वाटते, कारण मोरचूद आपल्या जिल्ह्यात घरोघरी असतो. डाळिंबावर, द्राक्षांवर बोर्डो मिश्रण फवारायचं तर मोरचूद आणि चुना हवाच. बागेत तो बुरशी मारतो, शेततळ्यातलं शेवाळही मारतो. पण कोळंबीच्या रक्तात ऑक्सिजन वाहणारं द्रव्यच तांब्यावर चालतं. तिचं शरीर तांबं मोजूनमापून घेतं, आणि पाण्यात विरघळलेलं जास्तीचं तांबं तिचे कल्ले आधी निकामी करतं. माशांना सोसतं तेवढंही तिला सोसत नाही. वर तांबं कुजत नाही, उडूनही जात नाही. वाळूत, दगडात मुरून बसतं आणि पाण्याचा सामू घसरला की पुन्हा सुटतं. ज्या टाकीत एकदा मोरचूद पडला, तिची वाळू आणि दगड बदलल्याशिवाय तिथे कोळंबी सोडू नये. दुकानातल्या शेवाळनाशक बाटल्यांवर आणि माशांच्या औषधांवरही कॉपर लिहिलंय का, ते वाचावं. पाणी तांब्याच्या हंड्यात साठवत असाल, तर टाकीसाठी प्लॅस्टिकची बादली वेगळी ठेवा.

गैरसमज : पाणी हिरवं आहे, म्हणजे ऑक्सिजन भरपूर.

दिवसा, हो. रात्री तेच शेवाळ ऑक्सिजन घेतं, आणि पहाटे पाण्यात तो सर्वांत कमी असतो. कोळंबीचे शेतकरी पहाटे तळ्यावर जाऊन ऑक्सिजन मोजतात ते याचसाठी. त्यात आपला उन्हाळा. २५ अंशांना गोड्या पाण्याच्या लिटरमध्ये सुमारे ८ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३५ अंशांना ७च्याही खाली. मीठ असेल तर आणखी कमी. टाकी तीन दिवस कापडाने झाकली की हिरवं पाणी निवळतं, पण मेलेलं शेवाळ कुजताना उरलासुरला ऑक्सिजनही ओढतं. म्हणून हा उपाय मेमध्ये करू नये. करायचाच तर एअर पंप अखंड चालू हवा, आणि वीज गेल्यास बॅटरीवर चालणारा दुसरा पंप हाताशी. टाकी उत्तरेच्या थंड खोलीत, पश्चिमेच्या भिंतीपासून लांब ठेवा. झाकणाऐवजी जाळी घालून समोर छोटा पंखा लावला तर पाणी दोनतीन अंशांनी उतरतं. अर्थात आटतंही जास्त, तेव्हा पट्टीची खूण रोज बघावी.